एकटीने उचलायचं वजन

बर्फात हात घालायची भीती जानकीला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नारळी पौर्णिमेनंतर धंदा पुन्हा सुरू झाला आणि तिला ती वाटू लागली. खोक्यात बर्फाचा चुरा पसरताना उजवा हात नेहमीसारखा पोळून निघे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र बर्फात आहेत की कोमट पाण्यात, हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागे. बोंबील हातात घेतला की तो सकाळचा आहे की आदल्या दिवसाचा, हे तिची बोटं तिच्याआधी सांगत असत. आता त्यांतली दोन गप्प बसली होती. रोज पहाटे ती कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने डावा हात बर्फात रोवायची, मनात काही आकडे मोजायची आणि काही कळतंय का, याची वाट पाहायची.

लेकीने, मानसीने, बोरीवलीतल्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी मानेचा फोटो उजेडासमोर धरला. मानेतले मणके दबलेत, त्यांच्यामधून हातात उतरणारी शीर चिमटली जातेय, असं त्यांनी समजावून सांगितलं. डोक्यावर वजन आजपासून पूर्ण बंद. हातात घ्यायचं तर थोडं, तेही झटका न देता.

"आणि घेतलं तर?" जानकीने विचारलं.

"आज बधिरपणा आहे. उद्या पकड जाईल. गेलेली पकड परत येतेच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणाचीच तिला जास्त धास्ती वाटली. तिच्या कामात पकड म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. उजव्या हाताने मासा पायाखाली दाबलेल्या उभ्या कोयत्यावर ओढायचा आणि डाव्याने तो धरून ठेवायचा. धरणारा हात क्षणभर सैल पडला तर कोयता मासा आणि बोट यांत फरक करत नाही.

जानकीचं घर गोराईच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात, आणि गिऱ्हाईक खाडीच्या अलीकडे, बोरीवलीच्या सोसायट्यांत. सासूने जोडलेली गिऱ्हाइकांची घरं सासूच्या मागे तिच्याकडे आली होती. सकाळी किनाऱ्यावर लिलावात माल घ्यायचा, पाटी भरायची, बोटीने खाडी ओलांडायची आणि धक्क्यापासून इमारतींपर्यंत पाटी डोक्यावर घेऊन चालायचं, असा तिचा दिवस लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून ठरलेला होता. रिक्षावाले पाटीतून ठिबकणारं पाणी बघून मान फिरवतात, म्हणून चालणं.

या पाटीविषयी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बाई कोसभर चालेल, पण तीच पाटी जमिनीवरून उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवणं तिला एकटीला शक्य नसतं. त्यासाठी दुसऱ्या बाईचा हात लागतो. आपण डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवायची, पाटीच्या एका कडेला वाकून उभं राहायचं, आणि जी जवळ असेल ती समोरची कड धरते. हात मागायचा नसतो, आणि नाकारायचा तर मुळीच नसतो. दोन घरांत भांडण असो, कोर्टकचेरी असो, पाटीला हात द्यायला कुणी मागे सरत नाही.

जानकीच्या बाबतीत हा हात बहुतेक वेळा शकुचा असे. शकु तिची धाकटी जाऊ. सासू वारल्यावर गिऱ्हाइकांच्या घरांची वाटणी झाली, आणि नाक्यावरची मोठी इमारत, जिथे तीन मजल्यांवर रोजचं गिऱ्हाईक होतं, ती जानकीने आपल्याकडे ठेवली. सासू ती इमारत आपल्याला देणार होती, असं शकुचं म्हणणं. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. लग्नकार्यात एकीने ताट वाढलं तर दुसरी पुढच्या पंगतीला बसे. मात्र रोज सकाळी किनाऱ्यावर शकु जानकीच्या पाटीची कड धरायची, जानकी शकुच्या. दोघींचे श्वास क्षणभर एकमेकींच्या तोंडावर येत, पाटी वर जाई, आणि त्या आपापल्या वाटेला लागत.

पाटी बंद म्हटल्यावर सायकलचा विचार पुढे आला तो मानसीमुळे. ती अंधेरीला एका कचेरीत कामाला होती आणि तिथले लोक घडीची सायकल घेऊन येत. साधी सायकल जानकीने पूर्वी एकदा धक्क्यावर साखळीने बांधून ठेवून पाहिली होती; दिवाळीच्या आठवड्यात तिचं पुढचं चाक आणि सीट दोन्ही गेली, उरलेला सांगाडा तिने भंगारात घातला. घडीची सायकल बोटीत बाकाखाली मावेल, सोसायटीत वॉचमनच्या खुर्चीमागे राहील. पाटीऐवजी झाकणाचा खोका मागे कॅरिअरवर बांधायचा. सायकल तिला येत होती. पोरपणी ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती भावाच्या सायकलवर शिकली होती.

"फक्त वजन बघून घ्यायची," मानसी वाटेत सांगत होती. "धक्क्याच्या पायऱ्यांवर ती तुलाच उचलायचीय. चालवताना एखाददुसरा किलो इकडचा तिकडे कळत नाही, पण उचलताना प्रत्येक किलो कळतो."

"वजन मला तू शिकवणार?" जानकी म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हा एका बाजूला तू नि डोक्यावर पाटी घेऊन मी खाडी ओलांडलीय."

दुकानात दोन सायकली त्यांच्यासमोर आल्या. एक पोलादी, घडी केल्यावर पंधरा किलोंची, मागे रुंद आणि मजबूत कॅरिअर असलेली. दुसरी ॲल्युमिनियमची, अकरा किलोंच्या आतबाहेरची, बारीक अंगाची. खाऱ्या हवेत गंजणार नाही अशी तिची ख्याती विक्रेत्याने सांगितली, पण तिला कॅरिअर नव्हता.

"हिच्यावर पापलेट बसवू की मी बसू?" जानकीने ॲल्युमिनियमच्या सायकलीकडे बघून विचारलं.

विक्रेता हसला. "मावशी, उचलून तर बघा."

आणि इथेच चूक झाली. जानकी पोलादी सायकलीपाशी गेली, गुडघ्यांत किंचित वाकली, एक हात सीटखाली घातला आणि थांबली. तिच्याही नकळत ती थांबली. मानसीने बोलता बोलता दुसरी बाजू धरली, विक्रेत्यानेही पुढे होऊन चाकाखाली हात दिला, आणि सायकल वर आली. वर आल्यावर दोघांनी हात काढून घेतला. जानकीने ती कमरेशी धरून दुकानात एक फेरी मारली. पंधरा किलो. भरल्या पाटीचं निम्मंसुद्धा नाही.

"कायच नाय," ती म्हणाली. "हीच द्या."

"आई, ती दुसरी तरी..."

"ती खेळणं हाय."

विक्रेत्याने निघताना सांगितलं, पटली नाही तर आठवड्याच्या आत आणा, बदलून देऊ. जानकीने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

पहिले काही दिवस सगळं ठीक गेलं. कोळीवाड्याच्या बाजूला बोट उतारावर लागे, तिथे फळीवरून सायकल ढकलत आत नेता येई. बोरीवलीच्या धक्क्यावर त्या दिवसांत तिच्या वेळेला भरती होती. बोट वरच्या पायऱ्यांशी येऊन टेकायची, आणि उतरणारा कुणीतरी घाईघाईत सायकलीचं टोक ओढून वर घ्यायचा. सोसायटीत वॉचमन चंदू, मूळचा मालवणकडचा, सायकल बघून म्हणाला, "बाय, आता तुमका लायसन काढूक होया." इमारतीतल्या बायका गॅलरीतून वाकून बघत. जानकी हसून साजरं करी, पण प्रत्येक दिवशी भरतीची वेळ पुढे सरकतेय, हे तिला पंचांग न बघताही कळत होतं. आज वरच्या पायऱ्या. दोन दिवसांनी मधल्या. मग शेवाळाच्या.

त्या सकाळी ओहोटी इतकी होती की धक्क्याच्या खालच्या, एरवी सहसा न दिसणाऱ्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. बोट चिखलाच्या कडेला लागली. नावाडी दोर ताणून उभा, त्याचे दोन्ही हात अडकलेले. उतारू आपापल्या पिशव्या सावरत, घसरू नये म्हणून एकमेकांकडेही न बघता वर चढत होते. जानकीने खोका आधी पायरीपायरीने ओढत पाच-सहा पायऱ्या वर नेऊन ठेवला, झाकणावर ओलं फडकं टाकलं आणि सायकलसाठी खाली आली. वळून पाहिलं तर कठड्यावर एक कावळा खोक्याकडे मान तिरकी करून बसलेला. सायकलपाशी थांबावं तर खोक्याला राखण नाही, खोक्यापाशी जावं तर सायकल बोटीत, आणि बोट परत निघायच्या बेतात.

ती सायकलपाशी उभी राहिली, गुडघ्यांत वाकली, हात सीटखाली घातला आणि थांबली.

कुणी आलं नाही. माणसं बाजूने जात राहिली. त्यांना त्या वाकून उभं राहण्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती एक बाई होती, सायकलवर हात ठेवून दम खाणारी. तोंडाने सांगावं, अहो, जरा धरा, हे जानकीच्या ओठांवर येईना. हा शब्द तिने कधी वापरलाच नव्हता.

"ओ बाय, बोट सोडायचीय," नावाडी म्हणाला.

मग तिने एकटीने उचलली. सायकल बोटीच्या फळीवरून सुटेपर्यंतचा तो वीतभराचा प्रवास तिच्या मानेने एका झटक्यात केला. मानेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात वीज उतरावी तसं काहीतरी उतरलं आणि डावा हात आपण होऊन उघडला. तिने तो उघडला नव्हता. सायकल पायरीच्या काठावर आपटली आणि तिच्या नडगीवर घासत चिखलाकडे कलली. जानकीने ती गुडघ्याने अडवून धरली. उघडलेल्या हाताकडे ती बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

धक्क्याच्या वरच्या टोकाला, पाटी डोक्यावर घेऊन, शकु उभी होती. ती त्याच बोटीने आली होती आणि पुढे गेली होती. आपटण्याचा आवाज ऐकून ती वळली असावी. भरली पाटी डोक्यावर असलेली बाई पायऱ्या उतरू शकत नाही, वाकू शकत नाही, एवढंच काय, ती पाटी एकटीने खालीही ठेवू शकत नाही. शकुने मागून येणाऱ्या एका बाईला खुणेने थांबवलं. कड धरायला लावली. पाटी उतरवून कठड्याला टेकवली, तिला लक्ष ठेवायला सांगितलं आणि पदर खोचून ती शेवाळावरून जपून पावलं टाकत खाली आली. जानकीच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही. तिने पाहिलं ते डाव्या हाताकडे, बराच वेळ. मग सायकलीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी ती वर नेली. शकु परत फिरली, तिने आपली पाटी त्या बाईच्या हाताने पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती गेली.

त्या दिवशी जानकीने गिऱ्हाइकांना मासे कापून दिले नाहीत. कोयता बोथट झालाय, असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत बोटांत पकड परतली, पूर्वी होती तेवढी; पण दोन बोटांचा बधिरपणा आता तिसऱ्याच्या मुळाशी आल्यासारखा तिला वाटत होता. खरंच येतोय की भीतीने तसं वाटतंय, हे ठरवायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. ती अंगठ्याच्या नखाने मधलं बोट पुन्हा पुन्हा टोचून पाहत राहिली.

भाकरी थापताना तिला दुकान आठवलं. सायकल तिथे खरोखर हलकी लागली होती. तिचा अंदाज खोटा नव्हता. मग तेच वजन धक्क्यावर एवढं कसं झालं? थापता थापता तिचे हात थांबले. तिथे तिने सायकल उचललीच नव्हती. तिला ती उचलून मिळाली होती. नीट आठवून पाहिलं तर आयुष्यात कुठलंच जड वजन तिने जमिनीपासून एकटीने उचललेलं नव्हतं. किती वाहता येतं हे तिला छटाकापर्यंत ठाऊक होतं. किती उचलता येतं, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनेही तो स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मानसीला घेऊन ती दुकानात गेली. आठवडा संपायला अजून एक दिवस होता. विक्रेत्याने सायकलीवरचा ओरखडा पाहिला, थोडी कुरकुर केली आणि मग मान्य केलं.

"हात लावू नका," जानकी दोघांनाही म्हणाली. "कोणीच."

तिने ॲल्युमिनियमची सायकल जमिनीवर ठेवायला लावली. गुडघे वाकवले. या वेळी थांबली नाही. उजव्या हाताने, मान ताठ ठेवून, पायांच्या जोरावर ती हळूहळू वर आली. सायकल सुटली. झटका बसला नाही. मानसीने रोखलेला श्वास सोडला. जानकीने मात्र सायकल खाली ठेवली आणि पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. दमल्यावर उचलता येते का, हे तिला पाहायचं होतं.

"हिला मागे कॅरिअर लावून द्या," ती म्हणाली.

"लावतो. पण मावशी, त्याचंही वजन वाढणार. आणि भरलेला खोका ही नाही सोसायची. अर्धा भरा फार तर."

कॅरिअर लावून तिने सायकल परत उचलली. आली, पण मानेत कुठेतरी बारीक ताण जाणवला. याच्या पुढे मात्र नाही, हे तिला त्या ताणाने सांगितलं.

"चालेल ना गं?" मानसीने विचारलं.

"सायकल चालेल."

"मग?"

"अर्धा खोका म्हणजे अर्धी घरं."

परतीच्या बोटीत आई मनातल्या मनात इमारती मोजतेय, हे मानसीला दिसत होतं. कुठली सोडायची? लांबच्या बंगल्यांना सोडलं तर तिथली म्हातारी जोडपी बाजारापर्यंत येऊ शकत नाहीत. नाक्यावरची इमारत सोडली तर धंद्याचं पोटच गेलं. आणि एकदा सोडलेलं घर परत मिळत नाही; आठवडाभरात तिथे दुसरी कुणी बसते.

सकाळी किनाऱ्यावर लिलाव आटोपला. नवी सायकल जानकीने उताराशी उभी केली. शकुची पाटी भरून झाली होती. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटीच्या एका कडेला वाकली आणि समोर बघत थांबली. जवळ जानकीच होती. जानकी पुढे झाली. डॉक्टरांचं म्हणणं आठवलं, पण पाटीपाशी उभ्या राहिलेल्या बाईला कुणी तसंच ठेवत नाही. तिने दोन्ही हात कडेला लावले.

"डावा काढ," शकु म्हणाली.

जानकीने मान वर केली. इतक्या वर्षांनी तो आवाज तिच्याशी बोलत होता, आणि बोलताना त्यात ना राग होता ना गोडवा. बोटीवर कुणी दोराबद्दल सांगावं तसा होता.

"काढ बोलतेय ना. उजवा पुरे. बाकी मी घेते."

पाटी वर गेली. शकु डोक्यावर भार घेऊन सरळ उभी राहिली, पण निघाली नाही.

"नाक्यावरची बिल्डिंग तू घे," जानकी म्हणाली. रात्रभर घोळवलेलं वाक्य तोंडातून भसकन बाहेर पडलं. "मला अर्धाच माल नेता येणार. तशी पण ती तुझीच होती, असं तू म्हणतेस."

"म्हणते नाय. होतीच." शकुने पाटीखाली मान हलवली नाही, फक्त डोळे वळवले. "आता देतेस? माझे गुडघे गेले तवा? तीन मजले तुझी सायकल चढणार हाय का माझ्यासाठी?"

"मग काय करू?"

"तुझा तो अर्ध्या खोक्याचा माल माझ्या पाटीत टाक. धक्क्याच्या वर देते तुला. तिथून पुढे तू नि ही तुझी सायकल-मडम."

"एवढं पेलशील?"

"पेलायचं मला नको सांगू. पेलायला काय लागतंय."

जानकीने खोक्यातले बांगडे मूठमूठ करून शकुच्या डोक्यावरच्या पाटीत टाकले. बर्फ हाताला लागला. उजव्या हाताला लागला. तिला एक विचारायचं होतं, आणि ते विचारल्यावाचून तिच्याने राहवेना.

"आणि तू नाय आलीस त्या दिवशी?"

"त्या दिवशी जमतील तेवढीच घरं कर. नाय तर घरी बस. मी काय रोजची बांधलेली हाय?" शकु बोटीकडे चालू लागली. "त्या नाक्यावरच्या बायांना सांग, जानकी आजारी हाय, आजपासून शकु येईल. पण मजले मी नाय चढणार. खाली या म्हणावं."

बोरीवलीच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा पाणी मधल्या पायऱ्यांच्या बरंच खाली होतं. शकु पाटी घेऊन वर गेली. नावाडी दोर धरून उभा होता. जानकीने सायकलची घडी आणि तिच्यावर बांधलेला रिकामा खोका नीट दाबून पाहिला, गुडघे वाकवले आणि कुणाची वाट न बघता ती उजव्या हाताने उचलली. डाव्या हाताने तिने कठड्याचा लोखंडी गज धरला. सकाळचा गज गार असणार. तीन बोटांनी तसं सांगितलं. उरलेल्या दोघांकडून काही उत्तर येतंय का, म्हणून ती क्षणभर थांबली. मग पाय शेवाळावर बेताने रोवून पुढची पायरी चढली.